पुराव्याचा पत्ता आणि तिथी

मुक्काम लखनौ

प्रति,
मा. संचालक,
बीरबल साहनी पुराविज्ञान संस्थान,
युनिव्हर्सिटी रोड, लखनौ.



लखनौतील एका केंद्रीय संस्थेच्या प्रमुखांना मराठीत पत्र लिहावे आणि तेही खुले लिहावे, यात थोडा आगाऊपणा आहे हे मी जाणतो. परंतु ज्या द्रव्याच्या संबंधाने मला अर्ज करावयाचा आहे त्याचा बराच अंश आमच्याकडील आहे. नागपूर-छिंदवाड्याच्या पट्ट्यात लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेली फळे, फुले आणि लाकडे ज्या काळी प्राध्यापक बीरबल साहनींच्या सूक्ष्मदर्शकाखाली येऊ लागली, त्या काळापासून दख्खनच्या भूतकाळाचे एक दफ्तर गोमतीच्या उत्तर तीरावर राहिले आहे, आणि दफ्तर जेथे असेल तेथे अर्ज घेऊन जावे ही रीत तर आम्हांस पेशवाईपासून ठाऊक आहे. शिवाय या विषयात ज्यांची साथ आपणांस लागेल असे वाचक मराठी मुलखात पुष्कळ आहेत. पत्र आपल्या नावे असले तरी त्यांनीही ते वाचावे, असा माझा हेतू आहे.

मागणे मोठे नाही. निदान कागदावर मोठे दिसत नाही. गेल्या पाऊणशे वर्षांत आपल्या संशोधकांनी या उपखंडातील तलावांच्या तळांतून, नदीकाठच्या दरडींतून, कोळशाच्या खाणींतून, उत्खननांच्या खड्ड्यांतून आणि हिमालयाच्या खोऱ्यांतून जे नमुने आणले, त्यांपैकी प्रत्येकाचे ठिकाण, खोली, काल आणि तो काल काढण्याची पद्धत यांची एक नोंदवही सिद्ध करावी आणि ती कोणाही अभ्यासकास परवान्यावाचून, शुल्कावाचून आणि ओळखीवाचून पाहता येईल, उतरवून घेता येईल व पुन्हा वापरता येईल अशी ठेवावी. यातील बहुतेक मजकूर निरनिराळ्या निबंधांतून छापून झाला आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही असेल. परंतु शेकडो निबंधांच्या कोष्टकांत विखुरलेल्या तारखा माणूस फार तर वाचू शकतो. ठिकाणाशेजारी ठिकाण आणि तारखेशेजारी तारीख अशी ओळीने मांडलेली वही हाती आली म्हणजे मगच त्याला हिशेब मांडता येतो, आणि पूर्वी कोणी न विचारलेला प्रश्न त्याच सामग्रीला विचारता येतो.

ठिकाण आणि काल यांची सांगड हा तर या संस्थेचा जन्मसिद्ध व्यवसाय आहे. १९४६ च्या सप्टेंबरात संस्था स्थापन झाली; ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते जी कोनशिला बसविण्यात आली ती निरनिराळ्या देशांतून व निरनिराळ्या युगांतून आलेले जीवाश्म जडवून घडविलेली होती, आणि त्यानंतर आठवडा उलटतो न उलटतो तोच, १० एप्रिलला, साहनींचे देहावसान होऊन संस्थेचा सारा भार त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी उचलला, हा इतिहास आपणांस मी सांगावा असे नाही. मला त्या गृहस्थांची दुसरीच एक गोष्ट अधिक लक्षणीय वाटते. वनस्पतिशास्त्राचा हा प्राध्यापक रोहतकजवळच्या खोकरा कोट येथील टेकाडात सापडलेल्या नाणी ओतण्याच्या मातीच्या साच्यांत इतका रमला की, १९४५ मध्ये प्राचीन भारतातील नाणी पाडण्याच्या तंत्रावर त्याने स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. साचा असो की पान असो, ते कोणत्या जागी, कोणत्या थरात, कशाच्या सान्निध्यात सापडले हे कळले म्हणजे ते बोलू लागते, ही त्यांची दृष्टी दोन्हीकडे एकच होती.

आता तारखेविषयी. सामान्य वाचकाची अशी समजूत असते की, प्रयोगशाळेने जळक्या दाण्याचे किंवा कोळशाचे वय एकदा सांगितले की ते कायमचे ठरले. वस्तुस्थिती अशी आहे की, प्रयोगशाळा मोजते ते उरलेल्या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण. त्यावरून वर्षे काढताना कार्बनचा अर्धायुष्यकाल कोणता धरला, आणि काढलेली ‘कार्बन-वर्षे’ पंचांगाच्या वर्षांत रूपांतरित करताना कोणता वक्र वापरला, यावर शेवटचा आकडा अवलंबून असतो. अर्धायुष्यकालाचे दोन आकडे व्यवहारात राहिले आहेत: ही पद्धत काढणाऱ्या लिबीने धरलेली ५,५६८ वर्षे आणि पुढे अधिक अचूक ठरलेली ५,७३० वर्षे. दोहोंत सुमारे तीन टक्क्यांचे अंतर आहे, म्हणजे आठ हजार वर्षांच्या नमुन्यात सव्वादोनशेहून अधिक वर्षांचा फरक केवळ या एका निवडीने पडतो. आणि जुन्या निबंधांत कित्येकदा कोणता आकडा धरला हेच सांगितलेले नसते. रूपांतराचा वक्र तर दर काही वर्षांनी सुधारला जातो. २०१३ मध्ये एक प्रसिद्ध झाला, २०२० मध्ये दुसरा. आणि ज्या वृक्षवलयांवरून व सरोवरांच्या गाळावरून तो काढला जातो त्यांच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत, म्हणूनच जगातील कोणताही विद्यार्थी तो पडताळून पाहू शकतो.

याचे उदाहरण आपल्या प्रांताच्याच पूर्व भागात आहे. संत कबीर नगर जिल्ह्यातील लहुरादेवा येथे उत्तर प्रदेशाच्या पुरातत्त्व विभागाने या शतकाच्या आरंभी उत्खनन केले आणि तेथील जळक्या धान्याचा अभ्यास आपल्या संस्थेतील तज्ज्ञांनी केला, तेव्हा भाताच्या एका दाण्याचे वय साडेसात हजार कार्बन-वर्षांच्या आसपास निघाले. शास्त्रीय संकेताप्रमाणे ही वर्षे १९५० पासून मागे मोजतात. भोळेपणाने सरळ वजाबाकी केली तर दाणा इसवी सनापूर्वी ५६०० च्या सुमाराचा ठरतो, आणि वक्राच्या आधारे रूपांतर केले तर तो ६४०० च्या सुमारास जातो. आठशे वर्षांची ही तफावत कोणाच्या अज्ञानामुळे उत्पन्न होत नाही. मूळ मापन, चूक-मर्यादा, प्रयोगशाळेचा क्रमांक आणि रूपांतराची पद्धत हे चारही रकाने बरोबर नसले म्हणजे ती आपोआप उत्पन्न होते. तो भात रानातला होता की पेरलेला, हा वाद पुढे मोठा झाला आणि तो वाद होणे योग्यच होते. परंतु असा वाद करणाऱ्यास कोणता दाणा, कोणत्या खड्ड्यातला, कोणत्या थरातला, हे ठाऊक असले पाहिजे. आपल्या प्रयोगशाळेच्या तारखांना ‘बीएस’ ही खूण लावलेली असते. जुन्या काळच्या जमाबंदीत शेताचा क्रमांक जितका महत्त्वाचा, तितकीच ही खूण महत्त्वाची आहे. ती गळाली की तारीख बेवारस होते.

ठिकाणाचीही अशीच कैफियत आहे. जुन्या निबंधांतील स्थळे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवरून दिलेली असतात. लखनौ ज्या पत्रकावर येते त्याचा क्रमांक ६३ बी/१३. या नकाशांवरील अक्षांश-रेखांश एव्हरेस्टच्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती आकृतीवर, बसविलेले आहेत आणि आजचा उपग्रहाधारित स्थाननिर्देश दुसऱ्याच गोलाभावर चालतो, त्यामुळे एकाच बिंदूचे दोन पत्ते होतात आणि त्यांच्यात या भागात शंभर-दोनशे मीटरांचे अंतर पडते. राज्याच्या नकाशावर हे अंतर दिसणारही नाही. पण ज्या तलावाची रुंदीच चार-पाचशे पावले आहे, त्याच्या मध्यातून काढलेला गाळ या हिशेबाने बाजूच्या गव्हाच्या शेतातला ठरू शकतो. नोंदवहीत पत्ता लिहिताना तो कोणत्या नकाशावरून व कोणत्या पद्धतीने घेतला, हा रकाना म्हणूनच असावा. हे काम कंटाळवाणे आहे. त्याविषयी पुढे बोलेन.

माझ्या मुलखातील एक उदाहरण येथे थोडे विस्ताराने सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण या पत्राचे खरे कारण तेच आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. हसमुख सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर या विद्वानांच्या परिश्रमांतून ताम्रपाषाणयुगातील शेतकऱ्यांचे एक संपूर्ण खेडे उजेडात आले: घरे, चुली, कणग्या, कालवा आणि घराच्या भुईखाली पुरलेली माणसे. इसवी सनापूर्वी १००० च्या पुढे या खेड्याला उतरती कळा लागली. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि ७०० च्या सुमारास वस्ती उठली. पर्जन्यमान घटले, शेती टिकेना, म्हणून लोक पुन्हा गुराढोरांमागे फिरू लागले, असा ढवळीकरांचा सिद्धान्त आहे, आणि तो मराठी वाचकांत चांगला रुजलेला आहे.

आता बुलढाणा जिल्ह्यातील लोणारकडे पाहा. जर्मनीतील पॉट्सडॅमच्या भूविज्ञान केंद्राने भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या सहकार्याने त्या सरोवराच्या तळातून सुमारे दहा मीटर गाळाचा गाभा काढला आणि त्यावरून जवळजवळ अकरा हजार वर्षांच्या पावसाचा वृत्तांत तयार झाला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड ठळक दिसतात: पहिला आजपासून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. इनामगावचा पडता काळ नेमका या दोहोंच्या मधल्या अंतरात येतो. यावरून ढवळीकर चुकले असे म्हणणे उतावळेपणाचे होईल. लोणार आणि इनामगाव यांच्यात सुमारे अडीचशे किलोमीटरांचे अंतर आहे, घोड नदीचे खोरे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, गाळाच्या तारखांना त्यांची चूक-मर्यादा आहे, आणि लहान मुदतीचा दुष्काळ दहा मीटर गाळात हरवूही शकतो. पण हे सारे ‘शकतो’ आणि ‘असावे’ यांच्याच प्रदेशात का राहावे? इनामगावच्या प्रत्येक तारखेचा थर आणि लोणारच्या प्रत्येक तारखेची खोली एका कोष्टकात शेजारी-शेजारी आली, आणि त्यांत आपल्याकडील परागकणांच्या नोंदींची भर पडली, तर नगरच्या किंवा नांदेडच्या महाविद्यालयातला एखादा हुशार विद्यार्थी हा प्रश्न एका उन्हाळी सुट्टीत पुष्कळसा पुढे नेईल. आज त्याला प्रथम निबंध मिळवावे लागतात, मग कोष्टके हाताने उतरावी लागतात, आणि जे कोष्टकात नाही त्यासाठी पत्रे पाठवून तगादा लावावा लागतो. एवढ्यात सुट्टी संपते.

लोणारच्याच बाबतीत आणखी एक नोंद करतो. त्या विवराचे वय तापदीप्तीच्या पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे काढण्यात आले होते. २०११ मध्ये आर्गॉनच्या समस्थानिकांवरून ते सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले. दसपटीहून अधिक असा हा भेद आहे. आजही वर्तमानपत्रांतून आणि पर्यटकांच्या पुस्तिकांतून पन्नास हजारांचा आकडा बिनदिक्कत छापला जातो, कारण आकडा हिंडतो आणि त्याची पद्धत घरी राहते.

खुल्या नोंदीने मोठ्या माणसांच्या चुका उघड्या पडतात, ही भीती मला वाटतच नाही. उलट आपल्या संस्थेला तो वारसाच आहे. मिठाच्या डोंगररांगेतील खेवड्याच्या क्षारमालिकेचे वय हा १९४० नंतरच्या दशकातला मोठा भूशास्त्रीय वाद होता. त्या मिठात आणि लगतच्या खडकांत फुलझाडांच्या लाकडाचे सूक्ष्म तुकडे आढळले, म्हणून ही मालिका इओसीन काळातली, म्हणजे पाच-एक कोटी वर्षांची असली पाहिजे, अशी साहनींची ठाम भूमिका होती; प्रत्यक्ष डोंगरात थर मोजलेल्या ई. आर. गी प्रभृती भूशास्त्रज्ञांचा पुरावा ती फार प्राचीन असल्याकडे बोट दाखवीत होता. आज ती मालिका पन्नास कोटींहून अधिक वर्षांची मानली जाते आणि ते तुकडे मागाहून शिरलेले, असा निवाडा झाला आहे. साहनींच्या कीर्तीला यामुळे यत्किंचितही बाध आलेला नाही; त्यांनी आपले नमुने कोठून घेतले, कसे धुतले, त्यांत काय दिसले हे सारे परिषदांतून मांडले होते, म्हणूनच त्यांचे म्हणणे तपासता आले आणि म्हणूनच ते बाजूलाही ठेवता आले.

याच्या अगदी उलट प्रकार हिमालयातील जीवाश्मांच्या बाबतीत घडला. एका भारतीय विद्यापीठातील प्राध्यापक सुमारे पंचवीस वर्षे हिमालयातून अपूर्व जीवाश्म सापडल्याचे जाहीर करीत राहिले. शेकडो निबंध निघाले, अनेक सहलेखक त्यांत गोवले गेले, आणि १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठाच्या जॉन टॅलेंट यांनी असे दाखवून दिले की, त्यांतील कित्येक नमुने हिमालयातले नसून अन्य खंडांतील प्रसिद्ध स्थळांचे आहेत. एवढी मुदत हा बनाव कसा टिकला? निबंधांत स्थळे दिलेली असत, पण ती अशी मोघम की त्या जागी जाऊन तोच थर कोणाला सापडू नये. अमुक गावाच्या वायव्येस काही अंतरावर, इतकाच दाखला. हिमालयाचा भूशास्त्रीय इतिहास त्यामुळे किती वर्षे गढूळ राहिला, हे आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. अक्षांश, रेखांश, उंची आणि संग्रहालयातील क्रमांक एवढ्या चार गोष्टी सक्तीच्या असत्या, तर पहिल्या दोन-चार वर्षांतच कोणीतरी पिशवी-हातोडा घेऊन तेथे जाऊन आला असता.

आणि नोंदी खुल्या केल्या नाहीत तर त्यांचे काय होते, हे पाहण्यासाठी लखनौकरास दूर जावे लागत नाही. कैसरबागेजवळची तारावाली कोठी आपण अनेकदा पाहिली असेल. नवाब नासिरुद्दीन हैदरने १८३१-३२ च्या सुमारास येथे वेधशाळेचे काम सुरू केले. कॅप्टन हर्बर्ट हा पहिला ज्योतिषी अल्पावधीत वारल्यावर १८३५ मध्ये मेजर रिचर्ड विल्कॉक्सकडे ती सोपविण्यात आली. हा विल्कॉक्स म्हणजे ब्रह्मपुत्रेच्या उगमाकडील प्रदेशाची पाहणी करणारा कसलेला सर्वेक्षक. लंडनच्या ट्रौटन आणि सिम्स या कारागिरांची उत्तम उपकरणे मागविण्यात आली, हिंदुस्थानी मदतनीस तयार करण्यात आले, आणि विल्कॉक्सच्या मृत्यूपर्यंत, १८४८ पर्यंत, आकाशाचे वेध घेण्याचे काम चालले. पुढल्याच वर्षी वाजिद अली शाहच्या हुकुमाने वेधशाळा मोडण्यात आली. १८५७ च्या धामधुमीत मौलवी अहमदुल्ला शाहने त्याच इमारतीत आपला दरबार भरविला, उपकरणे नाहीशी झाली, आणि इतक्या वर्षांचे वेध ग्रंथरूपाने विद्वानांपुढे आलेच नाहीत. पुढे त्या कोठीत बँक आली. वाजिद अली शाहवर खापर फोडणे सोपे आहे, कारण त्याच्यावर सगळेच फोडतात. परंतु वेधशाळा चालू होती त्या काळात तरी वेध दरसाल छापून निघत होते काय? मद्रासच्या वेधशाळेचे फळ त्याच काळात ग्रंथरूपाने बाहेर पडत होते, म्हणून ते आजही उपयोगी पडते. लखनौचे दप्तर कोठीतच राहिले आणि कोठीबरोबर गेले.

आता आक्षेप. संशोधक म्हणेल की, चिखलात कंबरभर उभे राहून गाभा मी काढला, त्याचे परागकण डोळे फोडून मी मोजले. ते फुकट का वाटू? हा आक्षेप न्याय्य आहे. त्याला दोन वर्षांची मुदत द्यावी, त्या मुदतीत नोंद बंद राहावी, आणि ती उघडल्यावर तिच्यापुढे त्याचे नाव कायमचे राहावे. याच लखनौत १९२६ साली ज्यांच्या प्रेरणेने मॅरिस कॉलेज उभे राहिले ते विष्णु नारायण भातखंडे यांच्यावरही असाच आळ आला होता. उस्तादांनी पिढ्यान्‌पिढ्या उराशी धरलेल्या चिजा स्वरलिपीत बांधून क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत त्यांनी छापल्या, तेव्हा घराण्यांचे धन चव्हाट्यावर मांडल्याचा आरोप झाला; आणि आज त्या घराण्यांतले गवईसुद्धा एखाद्या चिजेचा पाठभेद ठरविताना ती पुस्तके उघडतात. जे छापले गेले नाही ते बऱ्याच अंशी गेले.

दुसरा आक्षेप चोरीचा. जीवाश्मांच्या नेमक्या जागा जाहीर केल्या तर व्यापारी तेथे पहारी घेऊन जातील, हे भय खोटे नाही. सोनभद्र जिल्ह्यातील सलखनसारख्या ठिकाणी, जेथे सुमारे एकशेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचे शैवालस्तर उघड्यावर पडले आहेत, ते स्थळ लपविण्यात अर्थ नाही; पण हाडे किंवा अंडी असलेल्या नाजूक जागांचा पत्ता खुल्या वहीत किलोमीटरभराच्या मर्यादेत द्यावा आणि नेमका बिंदू अर्ज केल्यावर अभ्यासकास द्यावा, अशी तजवीज सहज करता येईल.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलणार नाही, पण खरी अडचण तोच आहे: हे काम कारकुनी समजले जाते. जुन्या क्षेत्रवह्या वाचणे, शाईने पुसट झालेले खोलीचे आकडे लावणे, निवृत्त झालेल्या संशोधकांना विचारून गावांची नावे पक्की करणे, एव्हरेस्टच्या गोलाभावरून नव्या गोलाभावर बिंदू आणणे, एवढे करून कोणाला बढती मिळत नाही. आम्हां मराठी लोकांना या बाबतीत थोडा अभिमान बाळगण्यास जागा आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शिक्षक. त्यांनी रॉबर्ट स्यूएलसमवेत १८९६ मध्ये हिंदू व मुसलमानी तिथींची इंग्रजी तारखांशी सांगड घालणारी कोष्टके प्रसिद्ध केली आणि त्या कोष्टकांच्या बळावर शिलालेख वाचणाऱ्या प्रत्येकाला आपली तारीख स्वतः पडताळता येऊ लागली. दोनच वर्षांनी राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. पदरचे पैसे खर्चून मिळविलेले कागद पेटीत ठेवून त्यांवर दहा निबंध लिहिणे राजवाड्यांना अशक्य नव्हते; त्यांनी आधी कागदच छापले, आणि त्यांच्या लांबलचक प्रस्तावनांतील कित्येक मते आज कोणी मानीत नसले तरी ते खंड उघडल्यावाचून कोणाचे चालत नाही. आपल्या संस्थेने नोंदवहीचे काम करणारांस संशोधकाचा दर्जा आणि वेतन दिले, आणि वहीत भरलेली प्रत्येक शंभर स्थळे ही एका निबंधाच्या तोडीची मानली, तर हे काम होईल. एरवी ते उत्साही विद्यार्थ्यांच्या माथी पडून अर्ध्यावर राहील.

कायद्याची आडकाठी आता फारशी उरलेली नाही. सरकारी माहिती लोकांस उपलब्ध करून देण्याचे राष्ट्रीय धोरण २०१२ चे आहे. आपली संस्था ज्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आश्रयाखाली आहे, त्याच विभागाने २०१४ च्या डिसेंबरात सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचे निबंध खुले ठेवण्याचे धोरण स्वीकारले. आणि त्याच विभागाने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी नकाशे व भूस्थानिक माहिती यांवरील परवान्यांचे जुने जंजाळ काढून टाकताना, सार्वजनिक निधीतून तयार झालेली अशी माहिती, सुरक्षेच्या कारणाने गुप्त ठेवलेली सोडून, भारतीयांना शास्त्रीय कामासाठी निर्बंधावाचून मिळावी असे म्हटले. पुढे २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने याच दिशेला दुजोरा दिला. पुण्याच्या हवामान खात्याने १९०१ पासूनच्या दैनंदिन पर्जन्याच्या, चौकटीवार मांडलेल्या नोंदी विनामूल्य उतरवून घेता येतील अशा ठेवल्या आहेत, आणि त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणचा प्राध्यापकही आपल्या भागातील शंभर वर्षांचा पाऊस स्वतः तपासू लागला आहे. शंभर वर्षांचे जे पुण्यात जमले ते पंधरा हजार वर्षांचे लखनौत जमावे, यात अशक्य असे काही मला दिसत नाही.

प्रारंभ मात्र संपूर्ण उपखंडाने करू नये. असे संकल्प उद्घाटनापाशीच संपतात. प्रारंभ गंगेच्या मैदानाने करावा. रायबरेली जिल्ह्यातील सनई तलावाच्या गाळावरून आपल्या व लखनौ विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे पंधरा हजार वर्षांचा वनस्पतींचा आणि हवेचा जो वृत्तांत तयार केला, तो आणि लहुरादेवाच्या तलावाचा व टेकाडाचा वृत्तांत, असे दोन प्रथम घ्यावेत. प्रत्येक परागकणाची मोजणी, प्रत्येक तारखेचा ‘बीएस’ क्रमांक किंवा दुसऱ्या प्रयोगशाळेची खूण, धरलेला अर्धायुष्यकाल, पत्त्याचा गोलाभ आणि उरलेला गाळ आज कोणत्या कपाटात आहे हे सारे त्यांत असावे. मग ते जगाच्या खुल्या पुरापरिसर-भांडारांतही जमा करावे. मेघालयातील मॉम्लूह गुहेच्या एका लवणस्तंभावरून २०१८ मध्ये अखिल पृथ्वीच्या इतिहासातील एका कालखंडास ‘मेघालयन’ हे नाव मिळाले, तेव्हा आपल्या मातीतल्या नोंदी जगाला नको आहेत असे तर कोणी म्हणणार नाही. त्यानंतर नागपूर-छिंदवाड्याच्या लाव्हा-थरांतील जुन्या संग्रहाकडे वळावे, कारण त्याची मूळ स्थळे शेती, खाणी आणि रस्ते यांखाली दरसाल बुजत आहेत आणि ती दाखवू शकणारी माणसेही म्हातारी होत आहेत.

वही खुली झाली की तिच्यात चुका सापडतील. पहिल्या वर्षी पुष्कळ सापडतील, आणि त्या कळविणारी पत्रे मराठी मुलखातूनही येतील. ती पत्रे फायलीत न ठेवता त्यांची दुरुस्ती त्याच वहीत, दिनांकासह आणि कळविणाराच्या नावासह नोंदवावी, एवढी शेवटची विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
लखनौनिवासी एक मराठी वाचक